नामनिर्देश आणि वेस्ट पॉइंट : एका प्रवेशपद्धतीचा इतिहास

'कॅडेट' हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला आणि इंग्रजीने तो फ्रेंचमधून घेतला. फ्रेंचमध्ये तो गॅस्कनी प्रांताच्या बोलीतून आला. त्या बोलीत 'काप्देत' म्हणजे लहान नायक. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील मस्तकवाचक शब्द आहे. गॅस्कनीतील सरदार घराण्यांचे धाकटे मुलगे राजाच्या सैन्यात शिरत, म्हणून शब्दाला 'धाकटा मुलगा' हा अर्थ चिकटला आणि पुढे त्यातून 'लष्करी शिकाऊ' हा अर्थ निघाला. थोरल्यास जमीन आणि धाकट्यास तलवार, असा जन्माचा हिशेब ह्या शब्दाच्या पोटात आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी शब्द उचलला, परंतु हा हिशेब त्यांना नको होता. मग राष्ट्राच्या खर्चाने अधिकारी होण्यासाठी कोणाचा मुलगा निवडावयाचा? ह्या प्रश्नाचे जे उत्तर त्या देशाने दिले ते 'नामनिर्देश' होय. लोकप्रतिनिधीने नाव सुचविल्यावाचून लष्करी विद्यालयाचे दार उघडत नाही, ही पद्धत जगातील इतर लोकसत्ताक देशांत सहसा आढळत नाही. ती कशी घडली आणि तिने काय घडविले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हडसन नदीकाठचे वेस्ट पॉइंट येथील विद्यालय १६ मार्च १८०२ च्या कायद्याने स्थापन झाले. त्या कायद्यान्वये नेमावयाचे कॅडेट अवघे दहा होते. १८१२ साली इंग्लंडशी युद्धाचा प्रसंग आला तेव्हा ही मर्यादा अडीचशेपर्यंत नेण्यात आली. नेमणूक राष्ट्राध्यक्षाच्या नावाने होई आणि अर्ज युद्धमंत्र्याच्या कचेरीत जात. मोठ्या घरच्या ओळखी उपयोगी पडत, हे सांगावयास नकोच. अँड्र्यू जॅक्सनच्या कारकीर्दीत सामान्य माणसाच्या नावाने राजकारण सुरू झाले, त्या वेळी वेस्ट पॉइंट हे श्रीमंतांचे फुकट शिक्षणाचे ठिकाण आहे अशी ओरड झाली. टेनेसीचा प्रतिनिधी डेव्हिड क्रॉकेट याने १८३० साली विद्यालयच बंद करावे असा ठराव प्रतिनिधिगृहात आणला. ठराव फसला, पण आक्षेप राहिला. तो शमविण्यासाठी प्रत्येक भागाच्या प्रतिनिधीचा सल्ला घेऊन जागा वाटण्याची वहिवाट पडत गेली, आणि १ मार्च १८४३ च्या कायद्याने तिला कायमचे रूप आले : प्रत्येक मतदारसंघाचा एका वेळी एक कॅडेट, तो त्याच मतदारसंघाचा खराखुरा रहिवासी असावा, आणि राष्ट्राध्यक्षाने स्वतंत्रपणे नेमावयाच्या जागा फक्त दहा.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ह्या कायद्याने वशिला नाहीसा झाला नाही. त्याची वाटणी झाली. पूर्वी एका कचेरीत साठलेली मर्जी आता शेकडो मतदारसंघांत पसरली. जागा भूगोलाने समान वाटल्या गेल्या, पण त्या-त्या भूभागात ती एकच जागा एका माणसाच्या लेखणीच्या टोकावर आली.

ती लेखणी काय करू शकते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कायद्यापूर्वी चार वर्षे घडले. ओहायो संस्थानातील जॉर्जटाउन गावच्या जेसी ग्रँट नावाच्या कातडी कमावणाऱ्या गृहस्थास आपल्या थोरल्या मुलास वेस्ट पॉइंटला धाडावयाचे होते. शेजारच्या एका मुलास विद्यालय सोडावे लागल्याने त्या भागाची जागा रिकामी होती. जेसीने प्रथम सेनेटर मॉरिस यांस लिहिले. ही जागा प्रतिनिधी टॉमस हेमर याच्या हाती आहे, असे उत्तर आले. अडचण अशी की, हेमर हा जेसीचा जुना मित्र असला तरी राजकीय वादातून दोघांत अबोला होता. तरीही जेसीने पत्र लिहिले. हेमरची मुदत मार्च १८३९ मध्ये संपत होती; निघण्याच्या घाईत त्याने जुन्या मित्राच्या मुलाचे नाव सुचविले. मात्र ते त्याला पुरते ठाऊक नव्हते. मुलाचे नाव हायरम युलिसिस. घरात हाक मारीत ती युलिसिस म्हणून. मधले अक्षर आईच्या माहेरच्या सिम्सन ह्या नावावरून असेल अशा समजुतीने हेमरने 'युलिसिस एस. ग्रँट' असे लिहून दिले.

त्या मुलाला सैन्याची हौस मुळीच नव्हती. वडिलांनी परस्पर अर्ज केल्याचे ऐकून तो प्रथम जाण्यास तयारच नव्हता, असे त्याने पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे. वेस्ट पॉइंटला पोचल्यावर त्याने वहीत स्वतःचे नाव नीट लिहिले; पण सरकारी यादीत 'युलिसिस एस.' हाच इसम होता, दुसरा कोणी नव्हता. आईबापांनी ठेवलेले नाव नामनिर्देशापुढे टिकले नाही. 'यू. एस.' ह्या आद्याक्षरांवरून सोबत्यांनी त्याला 'अंकल सॅम', मग नुसते 'सॅम' केले. १८४३ साली तो ३९ जणांत एकविसावा येऊन बाहेर पडला. पुढे यादवी युद्धाचा सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष म्हणून इतिहासात गेला तोही ह्याच, एका प्रतिनिधीच्या अंदाजाने पडलेल्या नावाने. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ह्यात गंमत वाटेल. लॅटिन 'नोमेन' आणि आपले 'नाम' हे एकाच मूळ भारत-युरोपीय शब्दाचे वंशज आहेत आणि 'नॉमिनेट' करणे म्हणजे अक्षरशः नाव घेणे. बारशाच्या खालोखाल माणसाचे नाव इतके निर्णायकपणे कोणी घेत असेलसे वाटत नाही.

जे एका माणसाच्या हाती असते ते विकताही येते. कंपनीच्या काळातील इतिहास वाचणाऱ्यांस हे नवे नाही. हिंदुस्थानातील कंपनीच्या फौजेत अधिकारी व्हावयाचे तर लंडनच्या डायरेक्टरांपैकी एकाची चिठ्ठी लागे. खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेसमोर उभे असलेले कंपनीचे अधिकारी अशा चिठ्ठ्यांच्याच वाटेने आले होते. त्या चिठ्ठ्यांच्या विक्रीची चौकशी पार्लमेंटने १८०९ साली केली. अमेरिकेत ही वेळ यादवी युद्धानंतर आली. फुटून निघालेली दक्षिणेकडील संस्थाने पुन्हा संघात आल्यावर तेथील जागा भरावयास मोकळ्या झाल्या आणि काही प्रतिनिधींनी त्यांचा बाजार मांडला. १८७० साली चौकशी होऊन दक्षिण कॅरोलायनाचा बी. एफ. व्हिटेमोर व उत्तर कॅरोलायनाचा जॉन डीवीझ यांनी हकालपट्टी टाळण्यासाठी राजीनामे दिले. सभागृहाने दोघांचाही निषेध नोंदविला. टेनेसीच्या रॉडरिक बटलर याचाही निषेध झाला. व्हिटेमोर पुन्हा निवडून आला, पण सभागृहाने त्यास बसू दिले नाही.

योगायोगाची गोष्ट म्हणजे, ज्या दक्षिण कॅरोलायनातून विकलेल्या जागेचे प्रकरण उघडकीस आले तेथूनच, त्याच वर्षी, दुसऱ्या एका प्रतिनिधीने जेम्स वेब्स्टर स्मिथ ह्या कृष्णवर्णीय तरुणाचे नाव सुचविले. वेस्ट पॉइंटमध्ये प्रवेश मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय कॅडेट. खुद्द विद्यालयाने आपण होऊन त्यास कधी बोलाविले असते असे मानण्यास काही आधार नाही. ज्या अधिकाराचा बाजार झाला त्याच अधिकाराने हे दार उघडले. मला ह्या पद्धतीचे मर्म येथे दिसते : तिचा दोष आणि तिचा गुण ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत.

परंतु नाव सुचविणारा बाहेर राहतो आणि ज्याचे नाव सुचविले त्याला आत राहावे लागते. स्मिथचा छळ झाला आणि १८७४ साली परीक्षेत नापास ठरवून त्यास काढण्यात आले. अधिकारपद त्यास मिळाले ते १९९७ साली, मरणोत्तर. जॉर्जियात गुलामीत जन्मलेल्या हेन्री फ्लिपर याने १८७३ साली नवनिर्वाचित प्रतिनिधी फ्रीमन यांस स्वतः पत्र लिहून जागा मागितली. फ्रीमन यांनी त्याची पात्रता पडताळून नाव सुचविले. ह्या पत्रव्यवहारातील पत्रे फ्लिपरने १८७८ च्या आपल्या आत्मकथेत छापली आहेत. अर्जदाराच्या बाजूने नामनिर्देशाचा इतिहास वाचावयाचा तर इतका चांगला कागद क्वचित मिळेल. १८७७ साली तो पदवीधर झाला, पहिला कृष्णवर्णीय पदवीधर. १८८२ साली लष्करी न्यायालयाच्या निकालानंतर त्यास सैन्यातून काढले. राष्ट्राध्यक्षांची क्षमा १९९९ साली आली, तेव्हा त्याच्या मृत्यूस जवळजवळ साठ वर्षे होत आली होती.

फ्लिपरनंतर १८८७ आणि १८८९ साली आणखी दोघे पदवीधर झाले. मग सत्तेचाळीस वर्षे कोणी नाही. १९०१ ते १९२९ ह्या काळात काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय सभासद नव्हता, ही गोष्ट ह्या रिकाम्या जागेशेजारी ठेवून पाहावी. एकमेव कारण ती नव्हे. पण नाव घेणाराच सभागृहात नसेल तर नाव घेतले कसे जाणार? १९२८ साली शिकागोहून ऑस्कर डी प्रीस्ट निवडून आले. त्यांनी बेंजामिन डेव्हिस (धाकटे) यांचे नाव सुचविले. डेव्हिस यांचे वडील स्वतः सैन्यात कर्नल. पण कायद्याला रहिवासी हवा, म्हणून मुलगा शिकागोत जाऊन राहिला. प्रवेशपरीक्षेत एकदा अपयश पदरी घेऊन १९३२ साली तो वेस्ट पॉइंटमध्ये शिरला.

नव्या मार्गाने हाच दोष झाकण्याचे प्रयत्न मधल्या काळात झाले होते. काही प्रतिनिधी आपापल्या मतदारसंघात स्पर्धापरीक्षा घेत आणि पहिल्या येणाऱ्याचे नाव पाठवीत. डग्लस मॅकआर्थर १८९८ साली मिलवॉकीत अशा परीक्षेत पहिला आला. ड्वाइट आयझेनहॉवर याने १९१० साली कॅन्ससचे सेनेटर ब्रिस्टो यांस पत्र लिहिले आणि त्यांनी ठेवलेल्या परीक्षेस बसला. पण परीक्षा घ्यावी की न घ्यावी हे प्रतिनिधीच ठरवी. आपल्याकडे सँडहर्स्टला हिंदी तरुणांसाठी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस दहा जागा खुल्या झाल्या, त्याही शिफारशीच्याच होत्या. खडकवासल्यास मात्र लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा आणि निवड मंडळ यांवाचून प्रवेश नाही. अमेरिकेतही तटरक्षक दलाच्या विद्यालयास नामनिर्देश लागत नाही. वेस्ट पॉइंट, अ‍ॅनापोलिस आणि १९५४ साली स्थापन झालेले हवाई दलाचे विद्यालय येथे तो आजही लागतो. प्रत्येक सभासदाचे प्रत्येक विद्यालयात एका वेळी पाच कॅडेट असू शकतात, आणि नाव गेल्यावरही विद्यालयाची स्वतःची कसोटी असतेच. १९७६ पासून ही नावे मुलींचीही असतात.

डेव्हिस यांची चार वर्षे कशी गेली हे सांगावयाचे राहिले. त्यांना खोलीत सोबती मिळाला नाही. भोजनगृहात, कवायतीच्या मैदानावर, कामावाचून कोणी त्यांच्याशी बोलले नाही. नाव घेऊन आत आलेल्या माणसाचे नाव आत कोणी घेत नव्हते. १९३६ साली २७६ जणांत ते पस्तिसावे आले. पुढे ते हवाई दलात सेनानी झाले. २०१७ साली वेस्ट पॉइंटमध्ये कॅडेटांच्या निवासाची नवी इमारत उघडली, तिला 'डेव्हिस बराक्स' असे नाव देण्यात आले.