मराठी ख्रिस्ती समाज आणि दानाचा प्रश्न

औरंगाबादेहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) गोदावरी ओलांडली की अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर) मुलूख लागतो. तेथे अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली कार्य आरंभिले. खेड्यांतील मंडळ्यांत महार व मांग समाजांतील लोकांचा भरणा मोठा होता. बलुत्याच्या व्यवस्थेत धान्याचा वाटा हा त्यांचा हक्क असे. परंतु ज्या देवळाचा उंबरठाच त्यांना बंद, तेथे दाता म्हणून मान मिळणे शक्य नव्हते. चर्चमध्ये मात्र दरिद्री मनुष्यही दाता ठरला. विधवेच्या दोन नाण्यांस येशूने दिलेले महत्त्व किंवा मासेदोनियातील गरीब मंडळ्यांच्या वर्गणीचा पौलाने केलेला गौरव यांचा आशय एकच: दानाचे माप दिलेल्या रकमेत नसून मागे उरलेल्या शिलकेत आहे.

तथापि मिशनचा मुख्य आधार अमेरिकेतील देणग्यांचा होता. दान शिकविणाराच परक्या दानावर पोसला जाई, ही विसंगती रेव्हरंड नारायण वामन टिळकांना (१८६१–१९१९) विशेष जाणवलेली दिसते. त्यांच्या हाती पैसा टिकत नसे. संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्यास येई. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसू येते खरे, पण पतीच्या औदार्याची किंमत घरात कोण भरतो, हेही तेथे स्पष्ट दिसते. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही खुला असा ‘देवाचा दरबार’ स्थापिला. पौल तंबू शिवून पोट भरी. टिळकांनी मात्र संन्याशाची वाट धरली. वेतनाचा त्याग हाच येथे दानाचा पहिला हप्ता होता, असे म्हणावे लागते. दोनच वर्षांत ते निवर्तले. दरबाराची घडी बसण्यास तेवढा अवधी अपुरा होता.