ओरत्तनाडुचे छत्र आणि झाडाला पाणी घालणारा माणूस



पर्यावरण अभ्यासाच्या पेपरात वृक्षारोपणावर प्रश्न आला, की तुम्ही काय लिहिता हे उत्तरपत्रिका तपासून मला पाठ झाले आहे. झाडे प्राणवायू देतात, जमिनीची धूप थांबवतात, पाऊस आणतात, सावली देतात. पाच मुद्दे, पाच गुण. हे खोटे नाही, पण ते झाडाविषयी झाले. या टिपणात आपण झाडापेक्षा झाडाच्या व्यवस्थेकडे पाहणार आहोत. रोप लावून लोक घरी गेल्यावर त्याला पाणी कोणी घालायचे, त्या माणसाचा पगार कोठून यायचा आणि झाड मोठे झाल्यावर त्याचे फळ कोणाचे? आपल्या पूर्वजांना हे प्रश्न पडले होते. त्यांची उत्तरे शोधायला आपण थेट तमिळनाडूतल्या तंजावर जिल्ह्यात, ओरत्तनाडु या गावी जाऊ.

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने दक्षिणेला निघाले, की साधारण 25 किलोमीटरवर हे गाव लागते. तंजावर म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे कावेरीचे पाणी आणि भाताची हिरवी खाचरे येतात. ओरत्तनाडुचा भाग मात्र जुन्या खोऱ्याच्या कडेला, थोड्या उंचवट्यावरचा आहे. मेट्टूर धरण 1934 साली पुरे झाले आणि कल्लणैपासून निघणारा नवा कालवा या बाजूला आला, तेव्हा येथील शेतीला कावेरीचे पाणी मिळू लागले. त्याआधी पावसाने भरणारी तळी हाच मुख्य आधार होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट कालवा येण्यापूर्वीच्या, उन्हातल्या ओरत्तनाडुची आहे.

या गावाशी मराठी माणसाचे जुने नाते आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली आणि ती 1855 पर्यंत टिकली. या घराण्यातले सरस्वती महाल ग्रंथालयामुळे प्रसिद्ध झालेले राजे म्हणजे दुसरे सरफोजी, कारकीर्द 1798 ते 1832. त्यांची मुक्तांबा नावाची प्रिय सहचरी अकाली वारली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ओरत्तनाडुला एक मोठे छत्र बांधले. गावाला मुक्तांबाळपुरम असेही नाव पडले. ती वास्तू आजही उभी आहे.

आता 'छत्र' म्हणजे काय? मूळ संस्कृत शब्द सत्र, म्हणजे दीर्घकाळ अखंड चालणारे कर्म. आपल्याकडे त्याचे अन्नछत्र झाले, तमिळमध्ये सत्तिरम. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी अशी छत्रे ठिकठिकाणी बांधली आणि त्यांतल्या बऱ्याच छत्रांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावे दिली. नीडामंगलमला यमुनांबेचे, समुद्राकाठी मणमेल्कुडीला द्रौपदांबेचे. पायी चालणारा यात्रेकरू दिवसभराच्या चालीनंतर टेकेल, अशा बेताने ही साखळी होती.

सरफोजींनी 1801 साली तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटला, बेंजामिन टोरिनला, एक पत्र लिहिले. त्यात छत्रांत काय चालते याचे सविस्तर वर्णन आहे. जातिभेद न करता वाटसरूंना शिजलेले अन्न मिळते, आजाऱ्यांना वैद्य आहे, विषारी दंशावर उपचार आहेत, पोरक्या मुलांचा सांभाळ आहे, शिक्षक आहेत, बाळंतिणीची सोय आहे. हे पत्र लिहिण्याची वेळ त्यांच्यावर का आली, हे अधिक महत्त्वाचे. 1799 च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला होता आणि राजांकडे किल्ला व त्याच्या आसपासचा भाग तेवढा उरला होता. छत्रांना नेमून दिलेल्या गावांचे उत्पन्न कंपनीने आपल्या हिशेबात ओढले, तर इमारती उभ्या राहतील आणि छत्रे बंद पडतील, हे राजांना स्वच्छ दिसत होते. म्हणून ते छत्रे आपल्या हाती राहावीत, अशी विनवणी करीत होते. सिव्हिल शाखेच्या मुलांनी हे नीट वाचावे. भांडवली खर्च आणि देखभालीचा खर्च यांतला फरक एका राजाने सव्वादोनशे वर्षांपूर्वी इतक्या कळवळ्याने मांडला आहे, तेवढा तो आपल्या पाठ्यपुस्तकात मला अजून सापडलेला नाही.

झाडांचा येथे काय संबंध, असे तुम्ही विचाराल. जुन्या धर्मशास्त्रात यज्ञयागाला 'इष्ट' म्हणत आणि विहीर, तळे, बाग, अन्नदान या लोकोपयोगी कामांना 'पूर्त'. ही चार कामे एकत्र सांगितली जातात, ती उगाच नव्हे. वाटसरूला जेवण हवे तर पाणी हवे, पाणी हवे तर तळे हवे, तळ्याच्या बांधाला माती धरून ठेवणारी मुळे हवीत आणि दुपार काढायला सावली हवी. एक अंग गळाले, की बाकीची लुळी पडतात. याच दक्षिणेत सरफोजींच्या शंभर वर्षे आधी मदुराईच्या राणी मंगम्मा यांनी रस्ते, धर्मशाळा आणि रस्त्याकडेची झाडे यांसाठी नाव मिळवले, तिकडचे लोक अजून जुन्या रस्त्यांना तिच्या नावाने ओळखतात. उत्तरेत अहिल्याबाई होळकरांचे काम तुम्हाला माहीत आहेच.

इकडे महाराष्ट्रात याच विचाराचे आणखी एक टोक दिसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्रंथात, आरमाराच्या लाकडाविषयी एक प्रकरण आहे. तारवांसाठी सागवानासारखे लाकूड लागते, ते हुजूरच्या परवानगीने रानातून तोडावे. आंबा-फणसाचे लाकूडही उपयोगी, पण त्याला हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार नाही. अगदीच जीर्ण झालेले झाड असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन न्यावे. पर्यावरणप्रेमाचे उदाहरण म्हणून हा उतारा नेहमी सांगितला जातो. मला तो मालकीहक्काचा उतारा वाटतो. लावणाऱ्याला खात्री हवी, की हे झाड उद्या कोणी सरकारी माणूस येऊन तोडणार नाही. ही खात्री असेल तर शेतकरी न सांगता झाड लावतो. नसेल तर लावतो, पण सागवानाऐवजी दोन वर्षांत कापता येईल असे काहीतरी.

तमिळनाडूत महसूल खात्याची एक जुनी तरतूद आहे, 2-सी पट्टा. पोरंबोक म्हणजे सरकारी पड जमिनीवर एखाद्याने झाडे लावून वाढवली, तर जमीन सरकारचीच राहते, पण झाडांचे फळ घेण्याचा हक्क त्याला मिळतो. रस्त्याकडेच्या चिंचांचे पीक दरवर्षी लिलावाने देतात, हेही त्याच जातीचे. चिंच विकून पैसा येतो, म्हणून चिंचेकडे कोणीतरी बघतो. अर्थात रस्ता रुंद करायचा ठरला, की हा सगळा हिशेब एका सकाळी करवतीखाली जातो, ती गोष्ट वेगळी.

राज्य खालसा झाल्यावर छत्रे सरकारी देखरेखीखाली आणि पुढे स्थानिक मंडळांकडे गेली. आजही तंजावरच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली छत्रांच्या मिळकतींचे वेगळे प्रशासन आहे. रेल्वे आल्यावर पायी यात्रेकरू संपले, तेव्हा मुक्तांबेच्या छत्राचा उपयोग शाळेसाठी आणि मुलांच्या वसतिगृहासाठी झाला. हेतू बदलला तरी नेमून दिलेल्या जमिनींमुळे संस्था तग धरून राहिली.

आता अलीकडे या. 16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे 'गजा' चक्रीवादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. ओरत्तनाडु, पट्टुकोट्टै, पेरावूरणी या पट्ट्यात कालव्याच्या पाण्यावर आणि पुढे बोअरवेलवर नारळाच्या बागा वाढल्या होत्या. त्या एका रात्रीत आडव्या झाल्या. नारळ लावल्यापासून चांगले फळ धरायला साधारण सहा-सात वर्षे जातात, म्हणजे घरातल्या मुलीचे लग्न, मुलाची फी, कर्जाचा हप्ता, सगळे त्या माडावर बांधलेले. माड पडला म्हणजे येणारी सात वर्षे पडली. आपल्याकडे कोकणातल्या मुलांना हे वेगळे सांगायला नको, 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत त्यांनी हेच पाहिले आहे.

वादळानंतर एक निरीक्षण गावोगाव बोलले गेले. नारळ पडले, पण बांधावरचे आणि तळ्याकाठचे ताड बहुतेक ठिकाणी उभे होते. ताड हा तमिळनाडूचा राज्यवृक्ष. त्याला कोणी बागेत लावत नाही, पाणी घालत नाही, आणि फळ द्यायला तो बारा-पंधरा वर्षे घेतो, म्हणून वीटभट्ट्यांसाठी तो तोडला जात होता. गजानंतर तरुणांच्या गटांनी तळ्यांचे गाळ काढले आणि बांधांवर ताडाच्या बिया पुरल्या. पेरावूरणीकडे शेतकऱ्यांची कैफा ही संघटना तळी दुरुस्त करण्याच्या कामासाठी ओळखली गेली. 2021 च्या राज्याच्या पहिल्या कृषी अर्थसंकल्पात 76 लाख ताडबिया आणि 1 लाख रोपे वाटण्याची घोषणा झाली, आणि ताड तोडायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल असे ठरले. पुढच्या वर्षी, 24 सप्टेंबर 2022 ला, राज्याचे हरित अभियान सुरू झाले. वृक्षाच्छादन सुमारे 24 टक्क्यांवरून 33 टक्क्यांवर न्यायचे, असे त्याचे उद्दिष्ट आहे.

सरकारी उद्दिष्टांचा आकडा ऐकून मला आपल्या राज्याची आठवण होते. महाराष्ट्रात 2016 ते 2019 या काळात 2, 4, 13 आणि 33 कोटी अशी चढती लक्ष्ये ठेवली गेली. नंतर वाद झाला तो किती रोपे लावली यावर कमी आणि किती जगली यावर जास्त. केनियात वांगारी माथाई यांनी 1977 साली ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, तेव्हा हा पेच साध्या युक्तीने सोडवला होता. गावातल्या बायकांना अल्प मोबदला मिळे, पण तो रोप लावल्याबद्दल नव्हे, जगलेल्या रोपामागे. आपल्या हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आधी केली, तीही याच कारणाने. शेळी फिरत असेल तर खड्डा खणण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट, पंचांगाची. वनमहोत्सव 1950 पासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात होतो, जागतिक पर्यावरण दिन 5 जूनला. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर हा मुहूर्त उत्तम, पाऊस रोप जगवतो. ओरत्तनाडुला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. तेथे 5 जूनला कोरडवाहू जागी रोप लावणे म्हणजे छायाचित्रासाठी लावणे. सप्टेंबरअखेर लावले तर तीन महिने आभाळ पाणी घालते. कसोटी फेब्रुवारीपासून पुढे असते.

ती कसोटी आकड्यांत मांडून बघू. धरा, की 200 रोपे आहेत, प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा 10 लिटर पाणी. आठवड्याला 4,000 लिटर. फेब्रुवारी ते जूनच्या मध्यापर्यंत 18 आठवडे, म्हणजे 72,000 लिटर, 5,000 लिटरच्या टँकरने जवळपास 15 खेपा. असे निदान दोन उन्हाळे. शिवाय नळी धरणारा माणूस, कुंपण, वाळवीचा बंदोबस्त, मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे. रोपाची किंमत या खर्चात शोधावी लागते. मात्र आपल्या कार्यक्रमांच्या अंदाजपत्रकात रोपे, फलक, चहा आणि पाहुण्यांचे हार असतात. राष्ट्रीय सेवा योजनेत काम करणारे माझे काही मित्र हसत सांगतात, की गेल्या वर्षीचे खड्डे यंदा कामाला येतात, खणायची मेहनत वाचते.

पुढच्या तासाला येताना एक काम करून आणा. तुमच्या महाविद्यालयात, वसाहतीत किंवा गावात तीन ते पाच वर्षांपूर्वी सार्वजनिक कार्यक्रमात लावलेली एक रांग निवडा. किती खड्डे होते आणि किती झाडे जिवंत आहेत, ते मोजा. जिवंत झाडांचा घेर जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर, टेपने घ्या. रोपे कोणत्या महिन्यात लावली ते विचारा. जमीन कोणाची, फळ कोणी नेतो, तेही विचारा. शेवटी पाणी घालणाऱ्या माणसाला भेटा. त्याला हे काम कोणी सांगितले, त्याचे पैसे कोणत्या खात्यातून येतात, आणि तो मे महिन्यात गावी जातो तेव्हा नळी कोणाकडे असते, हे त्याच्याच शब्दांत लिहून आणा. दोन पाने पुरेत.