कोंड्यात गेलेले सत्त्व

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालणाऱ्या भातगिरण्या आग्नेय आशियात ठिकठिकाणी उभ्या राहिल्या आणि उखळात सडून निघणाऱ्या तांबूस तांदळाची जागा हळूहळू शुभ्र, गुळगुळीत तांदळाने घेतली. साळीच्या दाण्यावरचे तूस निघाल्यावर आत जो तपकिरी पापुद्रा उरतो तो म्हणजे कोंडा. त्यात तेल असल्यामुळे कोंड्यासकटचा तांदूळ लवकर खवट होतो, उलट गिरणीत घासलेला तांदूळ पुष्कळ दिवस टिकतो, जहाजाने दूरवर धाडता येतो आणि पानात देखणाही दिसतो. छावण्या, तुरुंग, मळे अशा जेथे जेथे माणसांना बाहेरून येणाऱ्या ठरावीक शिध्यावर जगावे लागे, तेथे तेथे याच काळात बेरीबेरी हा रोग बोकाळला. पायांना मुंग्या येणे, पोटऱ्या दुखणे, चालताना पाऊल लुळे पडणे, पुढे अंगावर सूज आणि अखेरीस हृदय थकून मृत्यू, असा त्याचा साधारण क्रम असे.

जपानात हा रोग जुना होता. पांढरा तांदूळ परवडणाऱ्या एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, तो इतका आढळे की लोक त्याला शहराच्याच नावाने ओळखत, आणि आजारी माणूस गावी परतून भरडधान्य खाऊ लागला की बरा होई. लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतलेला ताकाकी कानेहिरो हा नौदलातील वैद्य या कोड्याकडे वळला, तेव्हा अधिकाऱ्यांपेक्षा साध्या खलाशांना रोग अधिक होतो, आणि खलाशांच्या जेवणात तांदळाखेरीज फारसे काही नसते, हे त्याच्या ध्यानात आले. १८८२-८३ मध्ये र्यूजो या जहाजाच्या लांबच्या सफरीत ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ जण दगावले. पुढच्या वर्षी ताकाकीने त्सुकुबा हे दुसरे जहाज त्याच मार्गाने पाठविले, मात्र शिध्यात मांस, दूध, पाव आणि कडधान्य वाढवून. या वेळी मोजक्याच खलाशांना रोगाची बाधा झाली आणि एकही मृत्यू झाला नाही. जे आजारी पडले त्यांतील बहुतेकांनी नवा शिधा खाण्याचे टाळले होते. पाव खलाशांच्या गळी उतरेना, म्हणून पुढे तांदळात जव मिसळण्याची तोड काढण्यात आली आणि नौदलातून बेरीबेरी जवळजवळ हद्दपार झाला.

ताकाकीची कारणमीमांसा मात्र चुकीची होती. आहारात प्रथिने कमी पडल्यामुळे रोग होतो असे त्याचे मत होते. भूदलातील वैद्यांनी नेमके याच दुबळ्या जागेवर बोट ठेवले. जर्मनीत शिकून आलेले हे वैद्य रोगजंतूंच्या शोधांनी भारावलेले होते, आणि रोग म्हणजे शरीरात काहीतरी शिरणे, ही समजूत त्या पिढीत इतकी घट्ट होती की काहीतरी न मिळाल्यामुळे माणूस मरू शकतो हे त्यांना अशास्त्रीय वाटे. पुढे कादंबरीकार म्हणून कीर्ती मिळविलेला मोरी ओगाई हा त्यांतलाच एक. परिणामी १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात जपानी सैनिक बव्हंशी पांढऱ्या तांदळावर लढले, सुमारे अडीच लाख जणांना बेरीबेरी झाला आणि २७ हजारांच्या आसपास सैनिक त्याने मेले. नौदलाचा वीस वर्षांचा दाखला हाताशी असताना हे घडले, ही या इतिहासातील सर्वांत कठोर नोंद म्हणावी लागेल.

जावा बेटावर डच वैद्य ख्रिस्तियान आइकमन हाही जंतूच शोधत होता. १८८९ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या लंगडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीअंती उलगडले ते असे, की कोंबड्यांना काही काळ लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातला उरलेला पांढरा भात घातला जात होता, पण नव्या आचाऱ्याने सरकारी भात मुलकी कोंबड्यांना देण्यास साफ नकार दिला आणि त्यांच्या वाट्याला पुन्हा कोंड्यासकटचा तांदूळ आला. आचाऱ्याच्या काटेकोरपणाचे वैद्यकावर एवढे उपकार क्वचितच झाले असतील. पुढे फोर्डरमन या अधिकाऱ्याने जावातील शंभराहून अधिक तुरुंगांची पाहणी केली. पांढरा तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत दर ३९ कैद्यांमागे एकाला रोग आढळला, तर कोंड्याचा तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत दहा हजारांमागे जेमतेम एकाला. तरीही तांदळाच्या पिठूळ भागात विष असून कोंड्यात त्याचा उतारा आहे, असेच आइकमन बराच काळ मानत होता. कोंड्यातील एखादे आवश्यक द्रव्य कमी पडते, हा सरळ निष्कर्ष १९०१ मध्ये त्याचा सहकारी खेरित ग्रेन्स याने काढला. १९२९ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला तो मात्र आइकमनला.

मलायातील मळ्यांवर तर उत्तर मजुरांच्या चुलीवरच शिजत होते. तेथील चिनी मजूर बेरीबेरीने आजारी पडत आणि तमिळ मजूर धडधाकट राहत, कारण तमिळ मजूर सवयीने उकडा तांदूळ खात. फ्रेझर आणि स्टँटन या वैद्यांनी रस्त्याच्या कामावरील मजुरांचे दोन गट करून एकाला पांढरा व दुसऱ्याला उकडा तांदूळ दिला, आणि रोग पहिल्याच गटात उद्भवला. कोकणात व गोव्यात हा तांदूळ घरोघरी ठाऊक आहे: साळ भिजत घालावी, हंड्यात उकडावी, अंगणात वाळवावी आणि मग घिरटावर, म्हणजे साळ भरडण्याच्या मोठ्या जात्यावर, भरडून सडावी. उकडताना कोंड्यातील पाण्यात विरघळणारे द्रव्य दाण्याच्या आत मुरते, त्यामुळे पुढे कोंडा गेला तरी ते सगळे जात नाही. शिवाय पेजेत शिजवण्याचे पाणीही पोटातच जाते. या क्रियेचे श्रेय कोणाच्या नावावर नाही. आंध्रच्या किनारपट्टीच्या उत्तर भागात मात्र साळ न उकडता गिरणीत घासून खाण्याची रीत असल्याने तेथे बेरीबेरी दीर्घकाळ टिकून राहिला.

१९१२ मध्ये कासिमिर फुंक या जीवरसायनशास्त्रज्ञाने अशा द्रव्यांना एक सामाईक नाव दिले, तीच आजची जीवनसत्त्वे. कोंड्यातले द्रव्य म्हणजे थायमिन अथवा ‘ब-१’ जीवनसत्त्व. पिष्टमय अन्नापासून ऊर्जा मिळविण्यासाठी ते लागते आणि शरीरात त्याचा साठा काही आठवडेच पुरतो. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला तो या शोधांच्या पार्श्वभूमीवर, जरी सडणाऱ्या बायांच्या हाताला काम मिळावे हाही त्यामागचा तितकाच मोठा हेतू होता. उलट दिशेने विचार करणाऱ्या रॉबर्ट विल्यम्स याने १९३६ मध्ये थायमिन प्रयोगशाळेत तयार केले. मिशनरी कुटुंबातला हा रसायनतज्ज्ञ आंध्रच्या किनाऱ्यावरील नेल्लोरचा जन्मलेला. गिरणीने काढून घेतलेले सत्त्व तांदळात बाहेरून घालावे, या त्याच्या कल्पनेची परीक्षा १९४८ पासून फिलिपिन्सच्या बाताआन प्रांतात झाली आणि बेरीबेरीचे मृत्यू झपाट्याने घटले. पण गिरणीवाल्यांनी पुढे साथ दिली नाही, कारण विकत घेतलेल्या जीवनसत्त्वाच्या मापावरून गिरणीत खरोखर किती तांदूळ निघाला हे कर वसूल करणाऱ्यांना कळणार होते.