दुरुस्तीचा हक्क

दुरुस्तीचा हक्क म्हणजे विकत घेतलेली वस्तू बिघडल्यास ती स्वतः, आपल्या पसंतीच्या कारागिराकडून किंवा उत्पादकाच्या सेवा केंद्रातून वाजवी खर्चात दुरुस्त करून घेण्याची ग्राहकाला असलेली मुभा होय. ही मुभा प्रत्यक्षात वापरता यावी यासाठी सुटे भाग, तांत्रिक माहिती, विशेष हत्यारे व सॉफ्टवेअर उपलब्ध करून देण्याची उत्पादकाची जबाबदारीही या संकल्पनेत अंतर्भूत आहे. मोबाईल, संगणक, दूरचित्रवाणी संच, शीतकपाट, धुलाईयंत्र यांसारखी इलेक्ट्रॉनिक व विद्युत उपकरणे, मोटारगाड्या आणि शेतीची अवजारे यांच्या संदर्भात या हक्काची चर्चा प्रामुख्याने होते. भारतात केंद्र सरकारने २०२२ पासून या दिशेने पावले उचलली असली, तरी उत्पादकांवर वरील जबाबदारी टाकणारा स्वतंत्र कायदा झालेला नाही.

संकल्पना

वस्तूची किंमत चुकती केल्यावर तिची मालकी खरेदीदाराकडे येते. मालकीमध्ये वस्तू वापरणे, विकणे, दुसऱ्यास देणे यांबरोबर ती उघडून पाहणे व दुरुस्त करणे हेही ओघाने येते, हा या संकल्पनेचा पाया आहे. रेडिओ, सायकल, शिवणयंत्र, पाण्याचा पंप यांच्या बाबतीत हा प्रश्न फारसा उद्भवला नाही. कारण त्यांची रचना उघड होती आणि सुटे भाग बाजारात मिळत. पूर्वी अनेक रेडिओंसोबत विद्युत मंडलाचा आराखडाही येत असे व गावोगावचे कारागीर त्यावरून दोष शोधीत. उपकरणांत संगणकीय चकत्या व सॉफ्टवेअर आल्यानंतर दुरुस्तीचे ज्ञान उत्पादकाच्या हाती एकवटले. त्यामुळे वस्तू ग्राहकाच्या मालकीची, पण तिच्या दुरुस्तीवरील नियंत्रण उत्पादकाचे, अशी स्थिती निर्माण झाली.

दुरुस्ती महाग होण्याची कारणे

रचना : बॅटरी किंवा पडदा स्क्रूऐवजी गोंदाने चिकटवणे, नेहमीच्या पेचकसाने न निघणारे स्क्रू वापरणे आणि अनेक भाग एकाच संचात जोडणे यांमुळे लहान बिघाडासाठी मोठा भाग बदलावा लागतो. मोबाईलची फक्त काच फुटली, तरी काच, स्पर्शपटल व डिस्प्ले एकत्र असलेला संच बदलण्याचा खर्च ग्राहकावर पडतो. याच संचाला दुरुस्तीच्या बाजारात 'फोल्डर' किंवा 'कॉम्बो' म्हणतात.

सुटे भाग : काही उत्पादक मूळ भाग केवळ अधिकृत सेवा केंद्रांनाच देतात. स्वतंत्र कारागिराला मग जुन्या संचांतून काढलेले किंवा नकली भाग वापरावे लागतात.

सॉफ्टवेअरचे कुलूप : काही उपकरणांत प्रत्येक भागाचा क्रमांक मुख्य पटलाशी जोडलेला असतो. दुसरा अस्सल भाग बसवला, तरी उत्पादकाच्या सॉफ्टवेअरने मान्यता दिल्याखेरीज तो पूर्ण क्षमतेने चालत नाही. या पद्धतीस 'पार्ट पेअरिंग' म्हणतात.

पटल बदलण्याची प्रथा : अधिकृत केंद्रांत बहुधा संपूर्ण मदरबोर्ड बदलला जातो. कुशल कारागीर त्याच पटलावरील एखादी आयसी बदलून किंवा सुटलेल्या जोडास डाग देऊन ते चालू करू शकतो. मात्र त्यासाठी त्याला आराखडा लागतो, आणि तो अधिकृतपणे त्याला मिळत नाही.

हमीच्या अटी : 'बाहेर उघडल्यास वॉरंटी रद्द' अशा अटींमुळे हमीकाळात ग्राहक अन्यत्र जाण्यास कचरतो.

भारतातील कायदेशीर स्थिती

ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. त्याच्या कलम २(९) मध्ये ग्राहकाचे सहा हक्क दिले आहेत : धोकादायक वस्तूंपासून संरक्षण, माहिती, स्पर्धात्मक किमतीत निवड, म्हणणे मांडणे, तक्रार निवारण आणि ग्राहक जागृती. त्यांत दुरुस्तीचा स्वतंत्र उल्लेख नाही. सदोष वस्तू, सेवेतील त्रुटी, अनुचित व्यापारी प्रथा आणि अन्यायकारक करार यांविरुद्ध मात्र या अधिनियमान्वये दाद मागता येते. महत्त्वाची माहिती ग्राहकापासून हेतुपुरस्सर दडवून ठेवणे ही सेवेतील त्रुटी, तर बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे.

या तरतुदींची मर्यादा लक्षात घेण्याजोगी आहे. हमीकाळात वस्तू सदोष निघाली तर कायदा ग्राहकाच्या बाजूने उभा राहतो. हमी संपल्यानंतर वापराने झिजलेला भाग किती वर्षे मिळत राहावा, कोणत्या किमतीस मिळावा आणि स्वतंत्र कारागिराला मिळावा की नाही, यांविषयी त्यात स्पष्ट नियम नाही.

मोटारगाड्यांच्या क्षेत्रात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेला आदेश महत्त्वाचा मानला जातो. सुटे भाग व दोषनिदानाची साधने खुल्या बाजारात येऊ न देणे हा स्पर्धेचा भंग असल्याचे ठरवून आयोगाने १४ मोटार उत्पादकांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजमध्ये गाडी नेली एवढ्याच कारणावरून हमी सरसकट रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. कंपन्यांनी या आदेशाविरुद्ध अपिले केली.

जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने अतिरिक्त सचिव निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ उपकरणे आणि मोटारगाड्या ही चार क्षेत्रे तिने प्रथम निवडली. २४ डिसेंबर २०२२ या राष्ट्रीय ग्राहक दिनी 'राइट टू रिपेअर' हे संकेतस्थळ सुरू झाले. त्यावर सहभागी कंपन्यांच्या सुट्या भागांची, हमीची व सेवा केंद्रांची माहिती एकत्र मिळते. कंपन्यांचा सहभाग मात्र ऐच्छिक आहे. २०२४ मध्ये विभागाने मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी 'दुरुस्तीयोग्यता निर्देशांक' ठरवण्यास दुसरी समिती नेमली व तिने २०२५ मध्ये अहवाल सादर केला. वस्तू उघडण्यातील सुलभता, सुट्या भागांची उपलब्धता, दुरुस्तीची माहिती, हत्यारे व सॉफ्टवेअरची अद्ययावतता यांवरून वस्तूला गुण द्यावेत आणि ते खरेदीच्या वेळीच ग्राहकास दिसावेत, अशी ही कल्पना आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात ग्राहक चळवळीची परंपरा जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. दुरुस्तीच्या व्यवसायाचीही येथे मोठी केंद्रे आहेत. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील 'इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणारे, तसेच जुन्या कारागिराच्या हाताखाली काम शिकलेले तरुण या व्यवसायात येतात.

ग्रामीण भाग : बोरीचे उदाहरण

दुरुस्तीच्या हक्काचा शहरातील अर्थ आणि खेड्यातील अर्थ यांत फरक पडतो. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरी या गावाचे उदाहरण घेतल्यास तो स्पष्ट होतो. नामांकित कंपन्यांची अधिकृत सेवा केंद्रे सामान्यतः जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा त्याहून मोठ्या शहरांत असतात. अशा गावातील ग्राहकाला दुरुस्तीसाठी पावतीवरील रकमेखेरीज एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी आणि भाग उपलब्ध नसल्यास दुसरी खेप, एवढा खर्च सोसावा लागतो. दुरुस्तीचा खर्च असा नव्या वस्तूच्या किमतीजवळ गेला, की दुरुस्त होण्याजोगी वस्तूही टाकून दिली जाते.

मोबाईल बंद पडल्याची झळही येथे वेगळी असते. बँकेचा ओटीपी, यूपीआयचे व्यवहार आणि शासकीय योजनांचे ई-केवायसी त्यावर अवलंबून असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाईलवरून करतो आणि त्या नोंदीस मुदत असते. ऐन मुदतीत फोन आठ दिवस सेवा केंद्रात अडकला, तर अडचण केवळ गैरसोयीपुरती राहत नाही. सौर कृषिपंपांनाही हेच लागू पडते. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' या राज्य योजनेत ५ वर्षांची दुरुस्ती हमी आहे. ती संपल्यानंतर पंपाच्या नियंत्रकाचे भाग व माहिती स्थानिक कारागिराला मिळते की नाही, यावर पंपाचे पुढील आयुष्य ठरते.

म्हणूनच खेड्यांच्या बाबतीत अधिकृत केंद्राचे दर कमी करणे पुरेसे ठरत नाही. ज्या ठिकाणी केंद्रच नाही, तेथे गावातील कारागीर हाच दुरुस्तीच्या हक्काचा व्यवहारातील आधार असतो. त्याला अस्सल भाग व आराखडा मिळाला, तर ग्राहकाचा खर्च वाचतो आणि कारागिराचा रोजगारही टिकतो.

उत्पादकांचे आक्षेप

उत्पादक प्रामुख्याने चार आक्षेप घेतात. लिथियम-आयन बॅटरी चुकीने हाताळल्यास पेट घेऊ शकते. अनोळखी दुकानात ग्राहकाची खाजगी माहिती असुरक्षित राहते. आराखडे खुले केल्यास बौद्धिक संपदेस बाधा येते. आणि पाणी व धूळ रोखण्यासाठी उपकरण चिकटवून बंद करावे लागते. यांपैकी पहिले दोन धोके खरे आहेत. हक्काच्या समर्थकांच्या मते त्यांवर उपाय माहिती दडवणे हा नसून प्रशिक्षण, अस्सल भागांचा पुरवठा आणि सुरक्षिततेच्या लेखी सूचना हा आहे. मूळ भाग मिळत नसल्यानेच नकली बॅटऱ्यांचा वापर वाढतो, असेही ते निदर्शनास आणतात.

अन्य देशांतील कायदे

अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस अधिनियमाने हमीसाठी विशिष्ट कंपनीचेच भाग किंवा सेवा वापरण्याची सक्ती सामान्यतः निषिद्ध ठरवली. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मोटारगाड्यांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा झाला. न्यूयॉर्कचा इलेक्ट्रॉनिक वस्तूंविषयीचा कायदा डिसेंबर २०२३ मध्ये, तर मिनेसोटा व कॅलिफोर्निया यांचे कायदे १ जुलै २०२४ रोजी अमलात आले. ऑरेगन राज्याने २०२४ मध्ये पार्ट पेअरिंगवर निर्बंध घातले.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून ठरावीक उपकरणांवर दुरुस्तीयोग्यतेचे १० पैकी गुण छापणे सक्तीचे झाले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीविषयक निदेश संमत केला. सदस्य देशांनी तो ३१ जुलै २०२६ पासून लागू करावयाचा आहे.

पर्यावरणाशी संबंध

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात २०२२ या एका वर्षात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला व त्यांपैकी २२.३ टक्के कचऱ्याचेच रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. भारतात ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वस्तू टाकून दिल्यानंतरची जबाबदारी हे नियम उत्पादकावर टाकतात. दुरुस्तीचा हक्क हा ती टाकून देण्याची वेळ लांबवणारा उपाय आहे.

तक्रार निवारण

दुरुस्तीविषयीच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. तेथे तोडगा न निघाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या अधिनियमानुसार ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील आयोगातही तक्रार दाखल करता येते. त्यामुळे मुंबईतून किंवा ऑनलाइन मागवलेल्या वस्तूबाबत बोरीच्या रहिवाशाला परभणी येथील आयोगाकडे दाद मागता येते. वस्तू अथवा सेवेसाठी मोजलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. खरेदीचे बिल, हमीपत्र, सेवा केंद्राने दिलेली जॉबशीट आणि खर्चाचा लेखी अंदाज ही कागदपत्रे अशा तक्रारीत पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

हे सुद्धा पहा

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
ग्राहक पंचायत
भारतीय स्पर्धा आयोग
ई-कचरा
बोरी (जिंतूर)