ओल्या चिंधीचा पारा

घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत रेल्वेच्या पूर्वेला, खाडीच्या कडेकडेने, एके काळी मिठागरांची रांग होती. त्यांतली बरीचशी आता ओसाड पडली आहेत. मिठागरातला माणूस पावसाळा सरला की भरतीचे पाणी वाफ्यांत घेई आणि पुढचे काम ऊन आणि वारा ह्या दोघांवर सोपवी. पाणी उडून जाई, मीठ मागे राही. मीठ डोळ्यांना दिसते, पोत्यात भरता येते, म्हणून त्याचा हिशेब सगळ्यांनी ठेवला. उडून गेलेल्या पाण्याचा हिशेब मात्र सहसा कोणी ठेवीत नाही. वाचकहो, दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी बसून तो आज थोडा मांडून पाहू. त्यात बादशहा आहेत, गिरण्या आहेत आणि आपले उकाड्याचे दिवसही आहेत.

हा विषय मला वर्गातल्या एका मुलाने दिला. त्याचे मामा नागपूरला राहतात. भर मे महिन्यात मामांच्या घरी कूलर चालू असतो आणि रात्री अंगावर चादर घ्यावी लागते. तसाच कूलर त्याच्या वडिलांनी घाटकोपरच्या खोलीत आणला, तर अंग चिकट झाले, उशा ओलसर झाल्या आणि आजीला धाप लागली. "सर, यंत्र तेच, पाणी तेच, मग असे का?" असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न विज्ञानाचा खरा. पण उत्तर शोधता शोधता मी इतिहासात जाऊन पडलो.

आधी विज्ञान थोडक्यात सांगतो. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. एक लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता घेऊन जाते, तेवढ्या उष्णतेत बर्फासारखे थंड पाच लिटरांहून अधिक पाणी उकळीला येईल. चुलीवर ही उष्णता जाळ पुरवतो. माठाच्या अंगावरून पाणी उडते तेव्हा ती माठातल्या पाण्यातून आणि भोवतालच्या हवेतून घेतली जाते, म्हणून माठ गार. आपल्या कपाळावरचा घाम उडतो तेव्हा ती आपल्या अंगातून जाते, म्हणून आपण गार.

पण पाणी उडायला हवेत जागा हवी. हवा आधीच ओलाव्याने भरलेली असेल तर पाणी जाईल कुठे? ही जागा मोजण्याची युक्ती फार सोपी आहे. दोन तापमापके शेजारी टांगायची, एकाच्या पाऱ्याच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळायची. कोरडा पारा हवेची उष्णता सांगतो. ओला पारा सांगतो की पाणी उडवून उडवून ही हवा कोठवर गार करता येईल. मे महिन्यातल्या दुपारी नागपूरला कोरडा पारा ४४ अंशांवर आणि हवेतला ओलावा शेकडा १५ असला, तर ओला पारा २३ च्या आसपास थांबतो. त्याच वेळी घाटकोपरला कोरडा पारा ३४ आणि ओलावा शेकडा ६५ असला, तर ओला पारा २८ वर असतो. नागपूरच्या कूलरपुढे २१ अंशांचे मैदान मोकळे आहे, घाटकोपरच्या कूलरला अवघे ६ अंशांचे अंगण मिळते. तेवढे गाठायला तो खोलीत जे पाणी ओततो, त्याने घाम वाळायचाच थांबतो. आजीची धाप तिथून आली.

आता इतिहासाकडे वळू. ही विद्या आपल्या देशात जुनी आहे. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वाळ्याच्या खोल्यांचे वर्णन केले आहे. बांबूचा सांगाडा करून त्यात वाळा भरायचा आणि त्यावर पाणी मारीत राहायचे, म्हणजे ऐन उन्हाळ्यात हिवाळा अवतरे. महाराष्ट्रात अहमदनगरला निजामशाहीच्या काळात सोळाव्या शतकात उभा राहिलेला फराहबक्ष महाल तलावाच्या मधोमध आहे. चारी बाजूंचे पाणी, वरून वारा आणि दख्खनच्या पठाराची कोरडी हवा, असा तिहेरी योग तिथे साधला होता. पुढे इंग्रजांनी वाळा उचलला. मध्य प्रांतात, विदर्भात, कचेऱ्यांच्या आणि बंगल्यांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लागल्या. साहेब आत, ताटी दारात आणि ताटीवर पाणी मारणारा माणूस बाहेर उन्हात. गारवा एकाचा, श्रम दुसऱ्याचे, अशी ह्या पाण्याची वाटणी पहिल्यापासूनच झालेली दिसते.

एकोणिसाव्या शतकात ह्या पाण्याला तिसरा धनी मिळाला. तो म्हणजे सूत.

कापसाचा धागा कोरड्या हवेत कडक होतो, ताण्याला लावलेली खळ ठिसूळ होऊन झडते, साच्यावर धागा तटातट तुटतो आणि तूस उडत राहते. ओलसर हवेत तोच धागा लवचीक राहतो आणि अधिक ताण सोसतो. विणाईच्या खात्यात ओलावा शेकडा ७५ ते ८५ असावा, असे गिरणीवाले मानीत आले. इंग्लंडात लँकेशायरला कापडाचा धंदा फोफावला, त्याच्या अनेक कारणांत तिथली दमट हवा हेही एक कारण सांगतात. मुंबईची हवाही दमट. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवच्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये तिथे सूत निघू लागले, तेव्हा समुद्राने हे एक काम फुकट करून ठेवले होते. पण गिरणीच्या आत शेकडो यंत्रे फिरतात, घर्षणाने तापतात आणि त्यांच्या उष्णतेने आतली हवा बाहेरच्यापेक्षा कोरडी होते. म्हणून मुंबईतही पाणी मारणे आलेच. कुठे जमिनीवर पाणी शिंपडीत, कुठे बॉयलरची वाफ नळ्यांनी खात्यात सोडीत. नंतर तुषार उडवणारे फवारे आले, आणि त्यानंतर पाण्याच्या पडद्यातून हवा ओढून ती मोठ्या नळांनी खात्यात खेळवणारी यंत्रणा आली.

नागपूरची गोष्ट मात्र निराळी. जमशेटजी टाटांनी १८७७ च्या १ जानेवारीला तिथे एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस दाराशी पिकतो, ह्या हिशेबाने त्यांनी मुंबई सोडून वऱ्हाडाच्या शेजारी गिरणी काढली. कापूस दाराशी होता हे खरे, पण हवा उन्हाळ्यात भट्टीसारखी कोरडी. जमशेटजी आणि रेल्वेच्या नोकरीतून आलेले त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता हे दोघे नवे यंत्र दिसले की आणून पाहणारे. पुढे एम्प्रेस मिलमध्ये हवा ओली करणारी यंत्रे आणि आग विझवणारे फवारे बसले. देशात पहिलीच म्हणून टाटांच्या इतिहासात त्यांची नोंद आहे. १८८६ साली जमशेटजींनी आमच्या घाटकोपरपासून दोन स्टेशनांवर, कुर्ल्याला, धरमसी मिल ही डबघाईला आलेली गिरणी घेतली आणि तिचे नाव 'स्वदेशी' ठेवले.

एक धनी, दोन गिरण्या आणि दोन हवा. नागपूरच्या खात्यात उन्हाळ्यात पाण्याचा तुषार सोडला की सुताला ओलावा मिळे आणि माणसालाही गारवा मिळे, कारण हवेला पाणी प्यायची तहान होती. मुंबईच्या खात्यात तोच तुषार सुताच्या कामी येई आणि माणसाच्या मुळावर. साचेवाला दिवसभर घामाने निथळे आणि तो घाम वाळत नसे. वाफ सोडली असेल तर दुहेरी शिक्षा, कारण वाफेबरोबर ओलावाही येतो आणि उष्णताही. धाग्याची सोय आणि धागा विणणाऱ्याची सोय इथे एकमेकांच्या आड आल्या. ह्या साऱ्या इतिहासातली कळीची गोष्ट मला हीच वाटते.

आजच्या चैनीच्या वस्तूचा उगमही ह्याच झगड्यात आहे. अमेरिकेत विलिस कॅरिअर याने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवा आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली. दमट हवेने कागद फुगे आणि रंगाचे ठसे जुळत नसत, म्हणून. आणि 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर नावाच्या कापडगिरण्यांच्या अभियंत्याने काढला, तो गिरणीच्या हवेत ओलावा घालण्याच्या संदर्भात. म्हणजे ज्या शब्दाने आज आपण गारवा समजतो, तो मुळात सुताच्या सोयीसाठी जन्मला. माणूस त्यात मागाहून शिरला.

माणसाच्या बाजूने कोणी बोललेच नाही, असे नाही. इंग्लंडच्या विणकरांनी वाफेविरुद्ध ओरड केली, तेव्हा १८८९ मध्ये तिथे कायदा होऊन किती उष्णतेला किती ओलावा चालेल, ह्याची मर्यादा ठरली. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई, अशा त्या वेळच्या मागण्या होत्या. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. विश्रांतीचा अर्धा ताससुद्धा भांडून मागावा लागत होता, तेव्हा हवेचे नाव कोण काढणार?

हवेची पाळी १९२० नंतर आली. हिंदुस्थान सरकारने टी. मॅलनी यांना गिरण्यांतल्या ओलाव्याची पाहणी करायला नेमले, आणि १९२३ मध्ये त्यांचा अहवाल निघाला. पुढे नियम झाले, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्यात पंधरावे कलम केवळ ह्याच विषयाला दिले गेले. हवा ओली करायला जे पाणी वापरायचे, ते सार्वजनिक पुरवठ्याचे किंवा पिण्याजोगे असावे, नाही तर आधी शुद्ध केलेले असावे, असे ते कलम सांगे. जे पाणी तुषार होऊन माणसाच्या छातीत जाणार, ते घाण असून कसे चालेल? त्या कायद्याखालच्या नियमांनी खात्याखात्यांत दोन पाऱ्यांचे आर्द्रतामापक टांगायला लावले, दिवसातून ठरल्या वेळी त्यांची नोंद ठेवायला लावली, आणि ओला पारा ठरीव अंकाच्या वर गेला की पाणी मारणे बंद करायला सांगितले.

एका ओल्या चिंधीला कायद्याने साक्षीदार केले, ही गोष्ट मला कोणत्याही कादंबरीपेक्षा नवलाची वाटते. मालकाचा शब्द आणि कामगाराचा शब्द ह्यांच्या मध्ये ती चिंधी उभी राहिली. प्रत्येक गिरणीत ती प्रामाणिकपणे भिजवली जात होती का, हा प्रश्न वेगळा. पण भांडायला एक आकडा हाती आला, हे थोडे नव्हे.

पुढे गिरण्याच राहिल्या नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला मोठा संप सुरू झाला. त्याचे पुढारी डॉ. दत्ता सामंत आमच्या घाटकोपरच्या पंतनगरात डॉक्टरकी करीत कामगारांत आलेले. त्यानंतर एकेक भोंगा मुका झाला. नागपूरची एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. कुर्ल्याची स्वदेशीही बंद पडली.

पाणी मात्र घराघरांत शिरले. विदर्भात आज बादशहाचा वाळा सामान्य माणसाच्या खिडकीत आला आहे. पत्र्याची पेटी, लाकडाच्या तंतूंच्या ताट्या, एक पंखा आणि एक छोटा पंप, एवढ्यावर शिक्षक, दुकानदार, रिक्षावाला असे सगळे उन्हाळा काढतात. विजेचा खर्च वातानुकूल यंत्राच्या मानाने फार कमी. खर्च होतो तो पाण्याचा, आणि ज्या गावात टँकर येतो तिथे तो डोळ्यांत भरतो. टाकीतले पाणी दर आठवड्याला ओतून टाकावे लागते, नाही तर डेंग्यूचे डास तिथेच संसार थाटतात. इतके असले तरी चारशे वर्षांनी ह्या गारव्याची वाटणी थोडी न्यायाची झाली, असे म्हणायला हरकत नाही.

आणि घाटकोपर? इथल्या टेकडीवर पत्र्याची घरे एकाला एक लागून आहेत. दुपारी पत्रा तापतो, आत चूल असते, माणसे असतात, आणि कुठे कुठे शिलाईची यंत्रे किंवा छोटे कारखानेही असतात. गिरणीचे खातेच जणू घरात आले आहे. शास्त्रज्ञ सांगतात की ओला पारा ३५ च्या घरात गेला, तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत बसून काही तासांत दगावू शकतो, कारण घामाने अंग गार करण्याची वाटच बंद होते. म्हातारी माणसे, लहान मुले आणि कष्टाची कामे करणारे ह्यांना त्याच्या पुष्कळ आधीच त्रास सुरू होतो. अशा घरात कूलर लावून खिडकी मिटून घेणे म्हणजे आपणच आपल्या माणसांवर वाफ सोडणे. इथे उपयोगाचा तो समोरासमोरच्या खिडक्यांमधून खेळणारा वारा, साधा पंखा आणि पत्र्यावर फासलेला पांढरा रंग.

त्या मुलाला मी हे सगळे एका दमात सांगितले नाही. वर्गात आम्ही दोन तापमापके टांगली, एकाला जुन्या धोतराची चिंधी बांधली, आणि मुलांनी आळीपाळीने महिनाभर आकडे लिहिले. कोरडा पारा खाली आला तरी ओला पारा चढलेला असला, तर त्या दिवशी मैदानावर धावायचे नाही, असा नियम मुलांनीच केला. घरी जाऊन तो मुलगा वडिलांना काय म्हणाला ते मला ठाऊक नाही, पण कूलर आता मामांकडे नागपूरला गेला आहे आणि आजीच्या खाटेजवळची खिडकी उघडी असते.

कारखान्याच्या भिंतीवर कायद्याने ती चिंधी टांगली. घराच्या, शाळेच्या आणि पत्र्याखालच्या कारखान्याच्या भिंतीवर ती टांगायला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या उन्हाळ्यात एखाद्या घरी पोरांनी ती टांगली आणि पाऱ्याकडे पाहून आजोबांची खाट वाऱ्याच्या तोंडाशी सरकवली, तर ह्या लेखाचे चीज झाले.