ऑलिंपिक प्रक्षेपण
ऑलिंपिक स्पर्धांची दृश्ये व ध्वनी जगभर पोचविणारी व्यवस्था. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये दूरचित्रवाणी प्रथम आली; मात्र ती पाहता आली ती शहरातील सार्वजनिक केंद्रांवरच. 1960 मध्ये रोमच्या स्पर्धा यूरोपात थेट दिसल्या, पण अमेरिकेसाठी चित्रफिती विमानाने न्यूयॉर्कला न्याव्या लागत. 1964 मध्ये सिन्कॉम-3 या उपग्रहाने टोकिओची दृश्ये थेट अमेरिकेत पोचवली आणि विमानाची ही धावपळ संपण्याचा मार्ग खुला झाला.

प्रत्येक देशाने मैदानावर आपापले कॅमेरे लावायचे ठरवले, तर खेळाडूंना पाय ठेवायला जागा उरणार नाही. म्हणून मूळ चित्रण एकच संस्था करते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2001 मध्ये स्थापलेली ‘ऑलिंपिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस’ आता हे काम पाहते. हे चित्रण कोणत्याही एका देशाकडे झुकलेले नसावे, असा दंडक आहे. त्यासोबत बुटांची करकर, पाण्याचा सपकारा, प्रेक्षकांचा गलका एवढाच ध्वनी येतो, समालोचन नसते. ते प्रत्येक वाहिनी आपल्या भाषेत जोडते, पुष्कळदा मायदेशीच्या स्टुडिओत पडद्याकडे पाहून. हक्कधारक वाहिन्या आपल्या खेळाडूंसाठी थोडे जादा कॅमेरे लावतात. 2024 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे याने नेमबाजीत मिळवलेले कांस्यपदक भारतीयांनी याच सामायिक चित्रणातून पाहिले.

प्रक्षेपणहक्कांची विक्री हा ऑलिंपिक समितीच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा स्रोत आहे. भारतात राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे थेट प्रक्षेपण खाजगी हक्कधारकांनी प्रसार भारतीला द्यावे, असे 2007 च्या कायद्याने बंधन आहे.