आडनाव आलं कुठून? शिरूर-दौंडच्या नावांमागची गोष्ट

रांजणगाव : शिरूर तालुक्यात रांजणगावं दोन. एक अष्टविनायकातलं रांजणगाव गणपती, दुसरं रांजणगाव सांडस. नुसतं ‘रांजणगाव’ म्हटलं, तर पाहुणा भलत्याच गावात उतरायचा. माणसाच्या आडनावाचं कामही हेच. एका नावाच्या दोघांत फरक कळावा, म्हणून ते लागलं.

गावावरून : ‘कर’ म्हणजे त्या गावचा. दौंडकर, खेडकर ही अशीच आडनावं. दौंडमध्ये राहणाऱ्याला दौंडकर कोण म्हणणार? घराणं दुसरीकडे गेलं, की तिथले लोक मूळ गावावरून ओळखू लागतात. काही ठिकाणी उलटं झालं. तळेगाव ढमढेरे, मांडवगण फराटा, पिंपळे जगताप या गावांनाच घराण्यांची नावं लागली.

कामावरून : सुतार, लोहार, कुंभार हे धंदे. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही वतनं. महाराष्ट्रात मुलकी पाटलाचं वंशपरंपरागत पद 1 जानेवारी 1963 पासून बंद झालं, आडनाव मात्र राहिलं.

आडनाव म्हणजे जात नव्हे : पाटील मराठ्यांत आहेत, तसेच आगरी, लिंगायत आणि जैन समाजातही आहेत. पवार, जाधव, शिंदे, गायकवाड ही आडनावंही अनेक जातींत सापडतात. म्हणून आडनावावरून कुणाची जात ठरवू नये. जातीच्या दाखल्यालाही नुसतं आडनाव चालत नाही. शाळेच्या आणि महसुलाच्या जुन्या नोंदी दाखवाव्या लागतात.

पाळण्यातलं नाव : गणपत, खंडू, भैरू ही नावं देवावरून आली. आधीची मुलं दगावली, की पुढच्याचं नाव दगडू किंवा धोंडू ठेवत. नजर लागू नये आणि पोर दगडासारखं टिकावं, ही त्यामागची माया. ‘नकुसा’ या नावात मात्र ती नव्हती. मुलगी नको होती, हेच ते सांगायचं. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर 2011 मध्ये अशा 285 मुलींना समारंभात नवी नावं देण्यात आली.

कागदावर एकच नाव : घरी ‘गणू’, सातबाऱ्यावर ‘गणपत’, आधारवर ‘गणपतराव’ असं असेल, तर वारस नोंदीच्या वेळी हेलपाटे ठरलेले. म्हणून मुलाचं नाव जन्मनोंदीत जसं आहे, तसंच शाळेत घाला. नाव रीतसर बदलायचं असेल, तर शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं.

आणखी एक लक्षात ठेवा. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव राज्यातल्या शासकीय कागदपत्रांत असं लिहायचं आहे : आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. इतकी वर्षं पूर्ण नावात नसलेली आई आता बाळाच्या नावाला लागून आली आहे.